स्थितिक घर्षण आणि धन कार्य



घर्षण बलाने केलेले कार्य कोणत्या प्रकारचे असते, असे दहावी-अकरावीच्या मुलांना विचारले की बहुधा एकच उत्तर येते : ऋण. घर्षण गतीला विरोध करते, असे पाठ झालेले असते. केसपुत्त येथील कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले होते की, एखादी गोष्ट ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतात एवढ्यावरून ती स्वीकारू नका. मग पाठ झालेले हे वाक्यही तपासायला हरकत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, पाण्याचा पेला पुरे.

चूक एका शब्दात आहे. स्थितिक घर्षण गतीला नव्हे, तर एकमेकांना टेकलेल्या दोन पृष्ठभागांच्या परस्परांवरील घसरण्याला विरोध करते. घसरणे थांबवताना ते बल वस्तूच्या विस्थापनाच्या दिशेनेच लागत असेल, तर कार्य धन होणारच.

सरळ उभ्या बाजूंचा, पाण्यासह ३०० ग्रॅम वस्तुमानाचा पेला बोटांत धरा आणि सावकाश ५० सेंटीमीटर वर उचला. बोटांचा दाब आडवा असतो. आडवे बल वस्तू वर नेऊ शकत नाही. वर नेणारे बल म्हणजे बोटे व पेला यांमधील स्थितिक घर्षण, सुमारे २.९४ न्यूटन. त्याने केलेले कार्य १.४७ ज्यूल, आणि ते धन आहे. हात तेलकट असला की हेच घर्षण अपुरे पडते आणि पेला निसटतो. पेला सावकाश खाली ठेवताना घर्षण वरच्याच दिशेने असते पण विस्थापन खाली, म्हणून कार्य ऋण. पेला त्याच उंचीवर एकसमान वेगाने खोलीत फिरवला तर कार्य शून्य. एकाच पेल्यात तिन्ही प्रकार सापडतात!

आता थोडे गणित. १४ एप्रिलच्या ग्रंथप्रदर्शनासाठी २० किलोग्रॅमचे पुस्तकांचे खोके टेम्पोत ठेवले आहे, बांधलेले नाही. टेम्पो १ मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या त्वरणाने १० मीटर पुढे गेला. खोके पुढे ढकलणारे दुसरे काही नाही. टेम्पोच्या तळाचे स्थितिक घर्षण तेवढे आहे. ते २० न्यूटन, म्हणून कार्य २०० ज्यूल. खोक्याची गतिज ऊर्जा काढा, तीही २०० ज्यूलच येते. घर्षण गुणांक ०.४ धरला तर घर्षण सुमारे ७८ न्यूटनपर्यंत वाढू शकते, त्वरण ३.९ च्या पुढे गेले की खोके मागे घसरेल.

ही ऊर्जा घर्षणाने निर्माण केली का? नाही. खोकेही टेम्पोच्या तळाला २० न्यूटनने मागे ओढते, म्हणजे टेम्पोवर उणे २०० ज्यूल कार्य होते. दोन्हींची बेरीज शून्य. ऊर्जा इंजिनाची, घर्षण केवळ ती पोहोचवते. घसरणे नसल्याने उष्णताही निर्माण होत नाही. विहिरीतून पोहरा ओढणाऱ्यांना हा फरक चांगला ठाऊक असतो : दोर मुठीत घट्ट असेपर्यंत पाणी वर येते, दोर सरकू लागला की तळहात सोलतात. ते गतिज घर्षण. टेम्पोत बसलेल्याला मात्र खोके स्थिरच दिसेल आणि तो कार्य शून्य म्हणेल. त्याचेही बरोबर आहे, कारण विस्थापन कोणाच्या दृष्टीने मोजले ते सांगावेच लागते.

चालणे हे धन कार्याचे उदाहरण म्हणून पुष्कळ वह्यांत आढळते. ते टाळावे. चालताना जमिनीचे घर्षण आपल्याला पुढे लोटते खरे, पण तळवा टेकलेला असतो तेवढा वेळ तो जागचा हलत नाही, म्हणून त्या बलाचे कार्य शून्य. ऊर्जा स्नायूंची असते. न घसरता फिरणाऱ्या चाकाचेही तसेच. त्या टेम्पोत तळ आणि खोके यांमधील घर्षणाने २०० ज्यूल कार्य केले, रस्ता व टायर यांमधील घर्षणाने मात्र काहीच नाही.

एक उदाहरण स्वतः सोडवा. तोच टेम्पो १० मीटरनंतर ब्रेक लावून ५ मीटरमध्ये थांबला, खोके जागचे हलले नाही. घर्षणाचे कार्य उणे २०० ज्यूल येईल, बल मात्र ४० न्यूटन. ते दुप्पट का झाले, हे वहीत मांडून पाहा.