पायासाठी मी, पोटासाठी बाबा

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघते तेव्हा पाय आपला वाटतच नाही. माझ्या उजव्या पोटरीचा घेर डावीपेक्षा दोन सेंटिमीटरने कमी भरला. बास्केटबॉल खेळताना घोट्याजवळचे हाड मोडले होते. हाड जुळले, पण कामाविना राहिलेले स्नायू आटतात आणि सांधा आखडतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत चेन्नईला घरी गेलो, तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि म्हणाले, "पळणे इतक्यात नाही. सायकल चालव." शाळा उघडल्यावर पीटी टेस्ट होती, पुढे क्रॉस कंट्री. हाउसच्या टीममध्ये मी राहणार की नाही, ते या सुट्टीवर ठरणार होते.

त्याच आठवड्यात बाबांच्या कंपनीत वार्षिक तपासणी झाली. वय ४६, उंची १७१ सेंटिमीटर, वजन ८६ किलो, कंबर १०२ सेंटिमीटर. म्हणजे बीएमआय २९.४. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी. रक्तातली साखर सीमारेषेवर आली होती. आजोबांना मधुमेहाने काय केले ते घरात सर्वांनी पाहिले आहे, त्यामुळे आई फार बोलली नाही. एवढेच म्हणाली, "दोघेही उद्यापासून सायकल काढा." पायासाठी मी आणि पोटासाठी बाबा, अशी आमची तुकडी तयार झाली.

सायकलच का? पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. ८६ किलोच्या माणसाच्या गुडघ्यांना आणि माझ्या नुकत्या जुळलेल्या हाडाला तो नको होता. सायकलवर बरेचसे वजन सीट पेलते. पाय गोल फिरतात, आपटत नाहीत. तरी मांड्या, पोटऱ्या, हृदय आणि फुप्फुसे यांना पुरेपूर काम मिळते.

आम्ही वेस्ट मांबलममध्ये राहतो. चेन्नई उपनगरी रेल्वेचे मांबलम स्टेशन मधे आहे. त्याच्या पलीकडे टी. नगर आणि रंगनाथन स्ट्रीटची गर्दी, अलीकडे आमच्या गल्ल्या. इथल्या एका रस्त्याचे नाव लेक व्ह्यू रोड आहे, पण तळे कुठेच दिसत नाही. पूर्वी इथे मोठा जलाशय होता. १९२० च्या दशकात टी. नगर वसवताना तो बुजवत नेला. नाव तेवढे उरले. जुन्या तळ्याकाठची जमीन असल्यामुळे सगळे सपाट आहे. नवशिक्याला ते बरे, पण दम वाढवायला चढ लागतो, तो आणायचा कुठून? आम्ही रेल्वेखालचे सबवे वापरले. दुरैसामी सबवेत उतरायचे, पलीकडे जोर लावून चढायचे, वळून पुन्हा तेच. पहाटे साडेपाचला तिथे वाहने नसतात. सातनंतर तिकडे फिरकूही नये.

मे महिन्यात इथे 'अग्नी नक्षत्रम' असते, म्हणजे उन्हाळ्याचे सर्वांत कडक दिवस. त्यामुळे सव्वापाचला निघून साडेसहापर्यंत परत यायचे. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, डोक्यावर हेल्मेट. त्या वेळी बायका दारापुढे सडा घालून कोलम काढत असतात. त्यावरून चाक नेऊ नये, हे मला पहिल्याच दिवशी एका आजींनी तमिळमध्ये, पण अगदी समजेल असे सांगितले.

सायकल भारी लागत नाही. बाबांची जुनी हर्क्युलिस आहे, बिनगिअरची. ही सायकल चेन्नईतल्याच अंबत्तूरच्या कारखान्याची. ती बनवणारी कंपनी १९४९ पासूनची. माझी गिअरची. भारी सायकलपेक्षा सीटची उंची बरोबर असणे महत्त्वाचे आहे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते, फार वर असेल तर मागे ताण येतो. बाबांची सीट चार बोटे खाली होती. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या अण्णांनी पाच मिनिटांत वर करून दिली.

दुसरी गोष्ट पाय फिरवण्याची गती. जड गिअर रेटण्यात मर्दुमकी नाही, गुडघे जातात. उजवा पाय खाली आला की एक, असे पंधरा सेकंद मोजा. वीस भरले तर मिनिटाला ८० फेरे झाले. गिअरच्या सायकलवर ८० ते ९० ठीक. किती जोर लावायचा हे कळायला घड्याळ लागत नाही. बोलता येते पण गाता येत नाही, तो वेग योग्य. बाबा चढावर ऑफिसच्या गोष्टी सांगायचे थांबले की मी वेग कमी करायचो.

आता हिशेब. सपाट रस्त्यावर ताशी १६ ते १९ किलोमीटर वेगाने सायकल चालवताना शरीर बसलेल्या अवस्थेपेक्षा सुमारे ६.८ पट ऊर्जा वापरते. बसून किलोमागे तासाला साधारण १ किलोकॅलरी लागते. म्हणजे ८६ किलोच्या बाबांच्या तासाभरात ५८५ जळतात. त्यातल्या ८६ नुसत्या बसूनही जळाल्या असत्या, म्हणून खरी कमाई ५००. शरीरातल्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. भागाकार केला की साडेपंधरा तास येतात, ताशी १८ च्या वेगाने जवळपास २८० किलोमीटर. ईस्ट कोस्ट रोडने चेन्नईहून पुदुच्चेरीला जाऊन परत येण्याला साधारण तेवढेच पडते. एक किलोसाठी पुदुच्चेरी! हे ऐकून बाबांनी सायकलची घंटी दोनदा वाजवली आणि काही बोलले नाहीत.

पहिल्या दिवशी परत आल्यावर बाबांचे वजन ७०० ग्रॅमने कमी भरले. ते खूश झाले. रात्री जेवणानंतर काटा पुन्हा ८६ वर. गेले होते ते पाणी. चेन्नईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहतो, त्यामुळे पाण्याची बाटली हवीच. वजन रोज करू नये. आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी करावे, आणि कंबर टेपने मोजावी.

पहिले दोन आठवडे काटा जागचा हलला नाही. याचे कारण मला माहीत होते, कारण मीही शेजारीच बसत होतो. फेरी संपली की तुपाने चमकणारे पोंगल, वडा आणि साखरेची फिल्टर कॉफी. तासभर मिळवलेले दहा मिनिटांत परत. तिसऱ्या आठवड्यापासून आईने इडली-सांबार घरीच ठेवले आणि कॉफी बिनसाखरेची झाली. सहा आठवड्यांच्या शेवटी बाबांचे वजन ८३.७, कंबर ९८. सकाळी उठल्यावरची नाडी मिनिटाला ८२ होती, ती ७४ झाली. मला विचाराल तर नाडीचा आकडा सर्वांत मोलाचा, कारण हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागले, हे तो सांगतो.

कॅडेट मित्रांनी मात्र बाबांचा हिशेब स्वतःला लावू नये. आपण वाढत्या वयात आहोत. उंची वाढताना वजन वाढणारच, आणि आपल्या वयाचे बीएमआय वयानुसार वेगळ्या तक्त्यावर पाहतात. नाश्ता सोडून किंवा मेसमध्ये अर्धे ताट ठेवून वजन उतरवू नका. मी सुट्टीत एक घासही कमी केला नाही. पोटरीत एक सेंटिमीटर परत आला.

आणखी एक गोष्ट पीटी इन्स्ट्रक्टरांना माहीत असेल, मला शाळेत आल्यावर कळली. पहिल्यांदा मैदानावर पळालो तेव्हा दम अजिबात लागला नाही, पण पोटऱ्या आणि नडगी तिसऱ्या फेरीत पेटली. सायकलने हृदय आणि फुप्फुसे तयार होतात; जमिनीचा आघात सोसायची सवय पळूनच लागते. म्हणून मी तीन आठवडे एक मिनिट पळणे, दोन मिनिटे चालणे असे केले आणि ते हळूहळू वाढवले. क्रॉस कंट्रीच्या टीममध्ये मी राखीव आहे.

सायकल हे सैनिकाचे वाहन नाही असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी: १९४१-४२ मध्ये जपानी सैन्य मलायातून सायकलींवर सिंगापूरपर्यंत पोहोचले, आणि स्वित्झर्लंडच्या सैन्यात सायकल तुकडी २००३ पर्यंत होती. आपल्याकडे लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली. सुमारे ४,९०० किलोमीटर, १२ दिवसांच्या आत. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती जोडीने पूर्ण केली होती. हौशी माणसांसाठी 'ब्रेव्हे' असते. तिच्यात नंबर नसतो, फक्त मुदत असते: २०० किलोमीटरला साडेतेरा तास.

बाबांनी ती मनावर घेतली आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर चेन्नईत ईशान्य मोसमी पाऊस पडतो आणि आमचे सबवे पाण्याने भरतात, म्हणून त्यांनी जानेवारी धरला आहे. रविवारच्या फोनवर आधी ते किलोमीटर सांगतात, मग माझे मार्क विचारतात. गेल्या रविवारी ६२ झाले. पंक्चर काढणे मात्र त्यांना अजून जमत नाही, आणि ब्रेव्हेमध्ये वाटेतली दुरुस्ती स्वतःच करावी लागते. ते दिवाळीच्या सुट्टीत मी शिकवणार आहे.