वीज आली, सर्व्हर आला नाही

रात्री साडेअकराला फोन वाजला. आषाढाचा पाऊस धो-धो कोसळत होता, वीज गेली होती आणि यूपीएसच्या जुन्या बॅटऱ्यांनी वीस मिनिटांत मान टाकली होती. वीज परत आली, पण सर्व्हर आला नाही. ऑपरेटर सांगत होता, "साहेब, नुसता काळा स्क्रीन आलाय. तीनदा बंद करून चालू केलं, तिथंच येऊन थांबतंय."

ही एका दूध संघाची गोष्ट आहे. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घन घटक) यांचे आकडे या सर्व्हरवर यायचे आणि दर दहा दिवसांनी त्यावरून दूध उत्पादकांची बिलं निघायची. पहाटे पाचला केंद्रं उघडणार होती. युनिक्स आणि लिनक्स सांभाळण्यात माझी तेव्हा पंधरा वर्षं गेली होती. तरीही त्या रात्री माझ्या हातून एका संध्याकाळच्या दुधाच्या नोंदी गेल्या. मूळ बिघाडात एक अक्षरही पुसलं गेलं नव्हतं. नुकसान झालं ते माझ्या दुरुस्तीनं.

मी पोचलो तेव्हा मशीन चौथ्यांदा सुरू होत होतं. काळ्या पडद्यावर लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे सरकत होत्या, शेजारी सेकंद मोजले जात होते: एसडीबी१ या पार्टिशनची वाट पाहणं चालू आहे, दीड मिनिटापैकी पंचेचाळीस सेकंद झाले. नव्वद सेकंद भरले, धडाधड ओळी वर सरकल्या आणि सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागू लागला. मी शेवटच्या दोन ओळी वाचल्या. लोकल फाइल सिस्टिम जोडता आल्या नाहीत, एवढंच त्यात होतं. त्याच्या वर, 'डिव्हाइसची वाट पाहून वेळ संपला' ही खरी ओळ होती, ती मी वाचलीच नाही. वीज गेली म्हणजे डिस्क बिघडली, हे मी गाडीत बसतानाच ठरवून टाकलं होतं.

पासवर्ड टाकून आत गेलो आणि एसडीबी१ वर एक्सएफएस-रिपेअर ही दुरुस्तीची आज्ञा चालवायला गेलो. असं काही नाहीच, असं उत्तर आलं. मग डिस्कची यादी देणारं एलएसबीएलके चालवलं. यादीत आमची डेटाची डिस्क होती, पण तिचं नाव होतं एसडीसी. हात तिथेच थांबायला हवा होता. डिस्क जागेवर आहे, तिचं पार्टिशन दिसतंय, फक्त नाव बदललंय, एवढं समोर लिहिलेलं असताना मी नवं नाव घालून तीच आज्ञा पुन्हा दिली. एक्सएफएस-रिपेअरनं स्पष्ट नकार दिला: जर्नलमध्ये (अजून लागू न झालेल्या बदलांच्या नोंदवहीत) मोलाच्या नोंदी आहेत, आधी फाइल सिस्टिम माउंट करून त्या लागू होऊ द्या, माउंट होतच नसेल तरच कॅपिटल एल हा पर्याय वापरा, त्यानं जर्नल नष्ट होतं. पहाटेचे दोन वाजले होते, मागे संकलन विभागाचे प्रमुख उभे होते आणि मी माउंट करून न पाहताच कॅपिटल एल टाइप केला.

एक साधी माउंटची आज्ञा दिली असती, तर ते जर्नल आपोआप वाचलं गेलं असतं आणि डिस्क दोन सेकंदांत शाबूत मिळाली असती. आता काही फाइली लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावांनी पडल्या होत्या आणि डेटाबेस उघडत नव्हता. दुपारी दोनचा बॅकअप होता, तो चढवला. संध्याकाळचं संकलन गेलं ते गेलंच.

पुढचे चार दिवस आम्ही ते आकडे पावत्यांवरून भरत होतो. केंद्रांवरच्या पावत्या थर्मल कागदाच्या. ऊन लागलं की अक्षरं उडतात. एका केंद्रावर एक आजी पदराची गाठ सोडून घडी घातलेली पावती काढून देत होत्या. लिटरचा आकडा दिसत होता, फॅटच्या जागी करडा डाग होता. आम्ही त्यांच्या मागच्या दहा दिवसांच्या सरासरीनं फॅट धरलं. त्यांनी मान डोलावली. मला मात्र त्या डागाकडे पाहवेना.

आता मूळ कारण. मी शिकलो सोलारिसवर. तिथे डिस्कचं नाव कंट्रोलर, टार्गेट, डिस्क आणि स्लाइस यांवरून ठरायचं, म्हणजे नाव जागेला बांधलेलं असायचं. लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी ही नावं कर्नलला डिस्क ज्या क्रमानं सापडतात त्या क्रमानं मिळतात. कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये जुन्या सवयीनं मी एसडीबी१ असं नाव लिहून ठेवलं होतं. काही महिन्यांनी बॅकअपसाठी आणखी एक डिस्क चालू सर्व्हरमध्येच बसवली, पार्टिशन न करता अख्खी फॉरमॅट केली. त्या दिवशी ती एसडीसी झाली. पुढे ४१२ दिवस सर्व्हर एकदाही बंद झाला नाही, आणि त्या आकड्याचं आम्हाला कौतुक होतं. वीज जाऊन आल्यावर नवी डिस्क आधी सापडली, तिला एसडीबी हे नाव मिळालं आणि एसडीबी१ नावाचं काही उरलंच नाही.

म्हणून हे काम करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: एफएसटॅबमध्ये नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहा. बीएलकेआयडी चालवलं की तो मिळतो, आणि डिस्क कुठल्याही क्रमानं सापडली तरी तो बदलत नाही. बदल केल्यावर फाइंडएमएनटी 'व्हेरिफाय' पर्यायासह चालवा, सिस्टिमडीला डीमन-रीलोड द्या, माउंट डॅश ए करून बघा. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. मी नोंद लिहिली त्या दिवशी या सगळ्या चाचण्या बिनबोभाट पार पडल्या असत्या. चूक उघडी पडली असती ती दुसरी डिस्क बसवल्यावर, तीही मुद्दाम रीबूट केल्यावरच. डिस्क, कर्नल, नेटवर्क कार्ड यांपैकी काहीही बदललं की दिवसाढवळ्या, माणसं हाताशी असताना सर्व्हर एकदा बंद करून चालू करा.

नोफेल या पर्यायाबद्दल सावध राहा. तो लिहिला की डिस्क नसली तरी सर्व्हर वर येतो. बॅकअपच्या डिस्कला हे ठीक आहे. डेटाबेसच्या डिस्कला लावलं, तर डेटाबेस रिकाम्या फोल्डरवर सुरू होऊ पाहील आणि सुरू झालाच तर नव्या नोंदी रूटच्या डिस्कवर जातील. बिघाड लपेल आणि वाढेल. ते टाळायचं तर डेटाबेसच्या सर्व्हिस फाइलमध्ये रिक्वायर्स-माउंट्स-फॉर लिहून, ही डिस्क जोडलेली असल्याशिवाय सुरू होऊ नको, असं सांगता येतं.

सर्व्हर अडकलाच तर आधी तो कुठपर्यंत आला ते बघा. ग्रबचा मेनूच दिसला नाही, तर फर्मवेअर, बूटची डिस्क किंवा ग्रब यांच्याकडे पाहायचं. मेनू आला पण कर्नल पॅनिक झाला आणि रूट सापडत नाही म्हणतोय, तर इनिट्रॅमएफएस या बूटच्या फाइलवर संशय घ्या. बूटचं पार्टिशन भरलेलं असताना अपडेट झाला की ती फाइल अर्धवट बनलेली असू शकते. अशा वेळी मेनूतून जुना कर्नल निवडा. म्हणूनच जुने कर्नल सगळे पुसून टाकू नयेत. ओळी दिसतच नसतील तर मेनूवर 'ई' दाबून कर्नलच्या ओळीतला 'क्वाएट' शब्द काढा. इमर्जन्सी मोडपर्यंत आलात, तर बहुतेक वेळा कर्नल आणि रूट दोन्ही मिळालेले असतात. घाई करण्यासारखं तिथे फार थोडं असतं. जर्नलसीटीएल डॅश एक्सबी चालवा आणि वरून खाली वाचा. पहिलं अपयश शोधा, शेवटचं नव्हे. पडद्याचा फोटो काढून ठेवा. आणि दुरुस्तीची कुठलीही आज्ञा देण्याआधी, ती डिस्क नुसती वाचून तिची दुसरीकडे कॉपी करता येते का ते बघा.

पॉवरचं बटण दाबून ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय. आमच्या ऑपरेटरनं ते तीनदा केलं, कारण त्याला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. ती जबाबदारी माझी होती. आता रॅकच्या दाराला आतून मराठीत एक कागद चिकटवलेला आहे: काय दिसलं तर काय करायचं, काय करायचं नाही, आणि कोणत्या डिस्कचा कोणता यूयूआयडी.

सर्व्हर आम्ही आता दर तीन महिन्यांनी रीबूट करतो, सकाळचं संकलन संपल्यावर आणि दुपारचा बॅकअप झाल्यावर. रूटचा पासवर्ड बंद पाकिटात लेखापालांच्या तिजोरीत असतो. मागच्या वेळी ते पाकीट फोडून पासवर्ड कन्सोलवर टाकून पाहिला, तर तो चालला नाही. मधे कधीतरी कुणीतरी बदलला होता. त्याच दुपारी नवा पासवर्ड लिहिला, दोघांनी कन्सोलवर टाइप करून पाहिला, पाकिटावर तारीख आणि दोघांच्या सह्या घातल्या आणि मग तिजोरी बंद केली.