मायक्रोवेव्हची शक्ती आणि आपले कालवण

मायक्रोवेव्हवर ५० टक्के केले म्हणजे चुलीतले लाकूड मागे ओढावे तशी आच मंद होते, असे आपण समजतो. साध्या यंत्रांत तसे नसते. लहरी पूर्ण जोरानेच सुटतात, पण निम्मा वेळ बंद राहतात. त्या उसंतीत कडेची उष्णता मध्यभागी पोहोचते.

म्हणून पाणी व भाजीला १०० टक्के, नारळाच्या रसातल्या माशांच्या कालवणाला ५० आणि बर्फ झालेले मांस वितळवण्यास ३० टक्के ठेवावे. पूर्ण शक्तीवर कालवण कडेला उकळून फुटते, मध्ये थंडच राहते. तेथेच रोगजंतू टिकतात.

विशेषतः वडीलधाऱ्यांनी आदल्या दिवशीचे अन्न मध्येच ढवळून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत, सर्वत्र वाफा येईतो तापवावे; दोन मिनिटे झाकून ठेवावे, मगच जेवावे.