बोल आधी की चाल आधी?

कालिदासाने रघुवंशाच्या सहाव्या सर्गात इंदुमतीच्या स्वयंवराचे वर्णन केले आहे. सुनंदा तिला अंगदेशाच्या राजासमोर नेते, त्याची थोरवी सांगते, आणि इंदुमती दृष्टी वळवून म्हणते, पुढे चल. येथे कवीने मोठी मार्मिक पुस्ती जोडली आहे. तो राजा आवडण्याजोगा नव्हता असे नाही आणि तिला पारख नव्हती असेही नाही. लोकांची रुचीच निरनिराळी असते, इतकेच. शाळेत हा श्लोक पाठ करताना वाटले होते की रुचिभेदाचा निवाडा झाला, आता त्यावर बोलण्याजोगे काही उरले नाही. परंतु सज्जनहो, इंदुमतीला त्या राजाशेजारी बसून टाळ वाजवायचा नव्हता. ज्यांना एकाच दिंडीत चालायचे, एकाच ध्रुपदावर उभे राहायचे, त्यांच्यात रुचिभेद पडला म्हणजे ‘आवड आपली आपली’ म्हणून भागत नाही.

आमच्या माहितीतले दोन वृद्ध वारकरी आहेत, एक मृदंगी व दुसरे विणेकरी. नावे सांगत नाही, दोघेही हे मासिक वाचतात. तीस वर्षांचा स्नेह, एका ताटातली भाकरी. गावच्या सप्ताहात जागराच्या रात्री काही तरुण मुलांनी एक नवे भजन म्हटले. चाल एका गाजलेल्या सिनेमाच्या गाण्याची, शब्द त्यांच्यातल्याच एकाने जुळवलेले. मृदंगी रंगून गेले, हात असा चालला की मंडप डोलू लागला. विणेकऱ्यांनी मात्र गळ्यातला विणा दुसऱ्याच्या गळ्यात घातला आणि ते बाहेर जाऊन बसले. तेव्हापासून दोघांत बोलणे नाही. आषाढीच्या वाटेवर मृदंग आणि विणा चार पावलांच्या अंतराने पंढरपुरापर्यंत गेले, पण शब्द नाही. भेटल्यावर एकमेकांच्या पाया पडण्याचा आपला रिवाज; तोही उरकल्यासारखा! मुलांना तर कळेना की आपण भजन केले की भांडण लावले. त्यांतल्या दोघांनी मंडपात येणेच सोडले. म्हणून हा विषय मांडायला घेतला.

मृदंगी म्हणतात, “बुवा, माणूस आधी सुराने थांबतो. अर्थ कळायला तो बसला तर पाहिजे! चाल गोड नसेल तर वेदही कोणी ऐकणार नाही.” विणेकरी म्हणतात, “बोल हेच दैवत. चाल म्हणजे पालखीचा गोंडा. गोंड्यासाठी पालखीत धोंडा ठेवून कसे चालेल?”

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. आपल्याच देवगिरीस, सिंघण यादवाच्या पदरी, शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. आजा काश्मीरहून दक्षिणेत आलेला, हा स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा मुख्य अधिकारी. ज्ञानेश्वरीच्या आधी, त्याच तेराव्या शतकात, त्याने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात बोलाला ‘मातु’ व चालीला ‘धातु’ अशी नावे आहेत. दोन्ही जो रचतो तो वाग्गेयकार. दोहोंत निपुण तो उत्तम. चाल उत्कृष्ट पण बोल दुबळे, तो मध्यम. आणि बोल सुंदर पण चाल दुबळी, तो अधम! हे मी सांगितले तेव्हा मृदंगी मांडीवर थाप मारून म्हणाले, “झाले, शास्त्र माझ्या बाजूला.”

पण पोथी अर्धी वाचून चालत नाही. शार्ङ्गदेव हा निर्णय गानाच्या दृष्टीने देतो, त्याचा विषय संगीत आहे. शिवाय त्याच प्रकरणात वाग्गेयकाराच्या अंगी काय काय असावे याची लांब यादी आहे. व्याकरण, कोश, छंद, अलंकार, रस आणि भाव यांचे ज्ञान तर हवेच; पण पुढे तो म्हणतो की त्याने रागद्वेष टाकलेला असावा, त्याचे अंतःकरण ओले असावे, कोठे काय शोभते हे त्याला कळावे, आणि त्याची उक्ती ‘अनुच्छिष्ट’ असावी, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडची उष्टी नसावी. केवढी मोठी अट! आणि दुसऱ्याच्या तयार चालीवर जो नुसते शब्द बसवतो, त्याला वाग्गेयकार न म्हणता ‘कुट्टिकार’ असे निराळे नाव दिले आहे. आमची मुले ती ही. हे ऐकून विणेकरी प्रसन्न झाले. एका ग्रंथाने दोघांचीही समजूत पटली, आणि भांडण जिथल्या तिथे!

तेव्हा ग्रंथ बाजूला ठेवून प्रत्यक्ष अभंगाकडे येऊ. मोठ्या अभंगाचे चार चरण; पहिल्या तिहींत सहा सहा अक्षरे, चौथ्यात चार. दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते, चौथा मोकळा राहतो. लहान अभंगात आठ आठ अक्षरांचे दोन चरण. ऱ्हस्वदीर्घाचा जाच नाही, अक्षर मोजायचे आणि गाताना लांबवायचे. म्हणून अभंगाला शेकडो चाली लागतात. मोठ्या अभंगात चौथ्या चरणाची दोन अक्षरे कमी पडतात, तिथे सूर लांबतो. माझ्या मते ती जागा रिकामी नव्हे. ऐकलेला चरण तिथे पोटात उतरतो, मागचा टाळकरी श्वास घेतो. जुन्या फडावरच्या चाली ती जागा राखतात. ज्या चालीत तिथेही वाद्यांची भर घालून घाई केलेली असते, तिच्यात अर्थ घशाखाली उतरत नाही.

दुसरी गोष्ट विसाव्याची. संतांचे शब्द अशा परीक्षेला लावायला मन धजत नाही म्हणून घरगुती बोलण्यातले उदाहरण घेतो. ‘नको देऊ त्रास’ ही सहा अक्षरे. सरळ म्हटली तर विनवणी. आता चालीच्या सोयीसाठी पहिल्या दोन अक्षरांवर थांबा आणि मग पुढे म्हणा: ‘नको... देऊ त्रास!’ विनवणीची धमकी झाली. सूर एकही चुकला नाही, ताल बिनचूक, आणि अर्थ उलटा. मैफलीत हे खपून जाईल. वारकरी कीर्तनात कसे खपेल? आपल्याकडे कीर्तनकार एक अभंग घेतो आणि चरणाचरणाने सोडवतो. टाळकऱ्यांनी जो चरण उलटा म्हटला, तोच त्याला लगेच सुलटा करून सांगावा लागतो. म्हणून चाल बसवताना विसावा शब्दाच्या सोयीने पडतो की चालीच्या, हे आधी पाहावे.

परक्या चालीचे म्हणाल तर तिचा विटाळ मानण्याचे कारण मला दिसत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले. त्यातल्या साक्या आणि दिंड्या कीर्तनाच्याच ओळखीच्या होत्या. पुढे नाटकाच्या चाली उलट कीर्तनात आणि भजनात शिरल्या. आमच्या लहानपणी म्हातारी माणसे त्या चालींना नाक मुरडत. आज त्यांतल्या कित्येक ‘पारंपरिक’ म्हणून मुलांना शिकवल्या जातात! प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला. त्यातले एक पद शांताराम आठवले यांनी लिहिले, संगीत केशवराव भोळे यांचे. ते ऐकून कित्येकांची समजूत झाली की हा तुकोबांचाच अभंग, आणि लोकांनी तो गाथ्यात शोधला. बोल सिनेमासाठी लिहिलेले, चाल सिनेमासाठी बांधलेली, तरी वारकऱ्याच्या कानाला ते परके वाटले नाही. लिहिणाऱ्याने संतवाणी पचवली होती, नुसती चाखली नव्हती. विणेकऱ्यांपुढे हे उदाहरण ठेवले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले.

पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांवरही दोघांचे वाजते, पण तिथे बाजू बदलतात, ही गंमत आहे. विणेकरी ते अभंग डोळे मिटून ऐकतात. मृदंगी म्हणतात, आलापात शब्द बुडतो. मला विचाराल तर तिथे कीर्तनाचे माप लावू नये. मैफलीत निरूपण नसते, जे काय सांगायचे ते सुरानेच सांगायचे. जी माणसे जन्मात कधी कीर्तनाला बसली नसती त्यांच्या घरात विठ्ठलाचे नाव त्या गळ्याने नेले, ही सेवा लहान नाही. मात्र ती गायकी टाळकऱ्यांनी उचलू नये. पन्नास जणांनी ताना घ्यायच्या नसतात.

राहता राहिले मुलांचे भजन. त्याचा कागद मी मागून घेतला आणि चाल विसरून नुसता वाचला. एक सोपी परीक्षा करून पाहिली, वाचकांनीही आपल्या गावच्या नव्या भजनांवर करून पाहावी. विठ्ठलाचे नाव खोडून तिथे कोणाचेही नाव घातले, गाण्यातल्या नायिकेचे का असेना, तरी एक शब्द बदलावा लागला नाही. वीट नाही, चंद्रभागा नाही, दळण नाही, कर्ज नाही, उपास नाही, भांडण नाही. देवाशी भांडणसुद्धा नाही! संतांच्या बोलात घरचे जाते आहे, शेत आहे, सावकार आहे, रागावलेली बायको आहे. ज्याचे त्याचे दुःख ज्याच्या त्याच्या बोलात आहे, म्हणून ते उष्टे वाटत नाहीत. या कागदावर सारी यमके दुसऱ्या गाण्यांतून उतरलेली होती.

मग उलट प्रयोग केला. त्याच चालीवर, लय अर्ध्यावर आणून, एक लहान अभंग म्हणून पाहिला. एक जागा सोडली तर चांगला बसला. विणेकऱ्यांचा आक्षेप उरतो तो असा की, ती चाल कानी पडताच सिनेमाचे चित्र डोळ्यांपुढे येते. हा आक्षेप खरा आहे. नैयायिक सांगतात की स्मरण संस्कारातून उठते, आणि सूर हा संस्कार जागवणारा मोठा चोर. परंतु संस्कार झिजतोही. नाटकांच्या चालींचा झिजला, याचाही झिजेल. तोवर वडीलधाऱ्यांच्या मंडपात ती चाल न घेतली तर मुलांचे काही बिघडत नाही. बोलांचे मात्र तसे नाही. पोकळ शब्द जुने झाले म्हणून भरत नाहीत. या बाबतीत माझे मत विणेकऱ्यांकडे आहे. मंडपातून उठून गेले, त्या बाबतीत नाही. मुलांना बसवून चूक दाखवता आली असती. शार्ङ्गदेवाच्या यादीतली रागद्वेषाची अट गाणाऱ्याला आहे, तशी ऐकणाऱ्यालाही असावी.

हे सारे मी दोघांना वेगवेगळे सांगितले, कारण एकत्र बसायला कोणी तयार नव्हते. मृदंगी म्हणाले, मुलांना चाल मीच लावून देतो, पण बोल संतांचे घ्या. परवा एकादशीला ती मुले देवळात आली होती. मोठा अभंग घेतला होता, चाल नवी, लय बेताची. दुसऱ्या चरणात विसावा कोठे घ्यावा यावर ती अडली आणि सगळी मृदंगाकडे पाहू लागली. मृदंगी शाई पुसत म्हणाले, “बोलाचे मला काय विचारता? ते तिकडे बसलेत, त्यांना विचारा.” विणेकरी खांबाला टेकून बसले होते. त्यांनी मुलाच्या हातातला गाथा घेतला आणि चष्मा शोधू लागले.