अभिजात कादंबरीतून इंग्रजी शब्दसंपदा

प्रश्न : जुनी इंग्रजी कादंबरी वाचताना अडलेला प्रत्येक शब्द कोशात पाहावा का?

उत्तर : तशी गरज नाही, दर शब्दाला कोश उघडल्यास कथेचा धागा तुटतो आणि संदर्भ, म्हणजे शब्दाला अर्थ देणारी आजूबाजूची वाक्ये, हातून निसटतो, म्हणून एक प्रकरण सलग वाचून पुन्हा पुन्हा भेटणारे शब्दच टिपणे श्रेयस्कर ठरते. जेन ऑस्टिनची १८१३ साली प्रसिद्ध झालेली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ त्यासाठी उत्तम आहे, कारण तिच्यात शब्द बोलणाऱ्याच्या स्वभावासह समोर येतात. मिस्टर कॉलिन्स हा पाद्री आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरीनचे ‘कॉन्डिसेन्शन’ तोंड भरून वाखाणतो; आज हा शब्द बहुधा समोरच्याला कमी लेखणारा तोरा सुचवतो, तर त्या काळी थोरामोठ्यांनी आपला दर्जा बाजूला ठेवून इतरांशी दाखवलेले सौजन्य असा त्याचा गौरवपर अर्थ होता, आणि हा अर्थपालट, म्हणजे काळाच्या ओघात शब्दाच्या आशयात झालेला बदल, ठाऊक नसल्यास कॉलिन्सची स्तुती वाचकाला चक्क निंदा वाटू लागते. अशा ठिकाणी मात्र जुने अर्थ नोंदवणारा ऑक्सफर्डचा बृहत्कोश किंवा सटीप आवृत्ती पाहावीच. वहीत शब्दासोबत त्याचे पूर्ण वाक्य आणि तो उच्चारणारे पात्रही लिहावे.