जात्यावरचे सूर

मुलांनो, तुमच्या आजोळी परसात एखादे जुने जाते पडलेले तुम्ही पाहिले असेल. त्याचा खुंटा बहुधा केव्हाच नाहीसा झाला असेल. पूर्वी भल्या पहाटे, गाव निजलेले असताना, घरातल्या स्त्रिया त्या जात्यापुढे बसत. एक हात खुंट्याला. दुसऱ्या हाताने मुठीमुठीने वैरण घालायची. जात्याच्या घरघरीत मग ओवी सुरू होई. माहेरची ओढ, भावाची वाट, विठ्ठलाची भक्ती, सासुरवासाचे दुःख. जे चारचौघांत बोलण्याची सोय नव्हती, ते जात्यापाशी बोलता येई.

पुढे गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या. बायकांचे कष्ट वाचले, हे उत्तमच झाले. पण जाते थांबले आणि ओवीही मागे पडली. आईच्या तोंडून लेकीच्या कानी जाणारी ही विद्या. तिची पोथी कोठली असणार?

पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवाँ यांनी हे ओळखले. सहकाऱ्यांसह ते खेडोपाडी हिंडले आणि त्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. परंतु कागदावर शब्द तेवढे उतरतात. गाणारीचा गळा कोठे दाटून आला, हे कागदाला कसे कळावे? १९९० नंतरच्या दशकात संगीत व संगणक दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले. शंभराहून अधिक तासांचे गायन ध्वनिमुद्रित झाले.

आवाज म्हणजे हवेतील कंप. अंकीय यंत्र हे कंप एका सेकंदात चाळीस हजारांहून अधिक वेळा मोजते आणि ते आकडे साठवून ठेवते. जुनी ध्वनिफीत वाजवून वाजवून झिजते. आकड्यांची नक्कल मात्र कितीही वेळा केली, तरी मुळाबरहुकूम उतरते. अर्थात यंत्रे जुनी होतात, म्हणून आकडे वेळोवेळी नव्या यंत्रांत उतरवावे लागतात. हे काम करणारी माणसे हवीतच.

८ मार्च २०१७ पासून ‘पारी’ या संग्रहाने या ओव्या महाजालावर प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असते. चित्रीकरणासाठी कार्यकर्ते काही गावांत पुन्हा गेले, तेव्हा कित्येक गायिका हयात नव्हत्या. त्यांचा आवाज मात्र नावागावासह तेथे ऐकावयास मिळतो. मध्येच घेतलेला श्वासदेखील.