सोन्याची लाल रेघ

पावसाळ्यात डास वाढतात आणि गावात हिवताप शिरतो. कुणाला थंडी वाजून ताप भरला, की आशाताई येतात. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात आणि कागदी पट्टीवर सोडतात. वर थोडे औषधी पाणी टाकतात. पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर लाल रेघ उमटते.

आपल्याला वाटते, ही रेघ रक्ताची. तसे नाही, बरं का! पुष्कळशा पट्ट्यांत ही रेघ सोन्याची असते.

सोने तर पिवळे. मग रेघ लाल कशी? सोने फारच बारीक केले, की त्याचा रंग बदलतो. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५७ साली असे बारीक सोने पाण्यात मिसळले. पाणी माणकासारखे लाल दिसू लागले.

किती बारीक? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. पट्टीतला कण साधारण २० ते ४० नॅनोमीटरचा असतो. आपला केस त्याच्या हजारपटींहून जाड!

या कणांवर हिवतापाच्या जंतूची खूण ओळखणारा पदार्थ बसवलेला असतो. रक्तात ती खूण असली, तर कण तिला धरतात. पुढे पट्टीवर त्यांना अडवणारी जागा असते. तिथे कण गोळा होतात आणि रेघ दिसते. पट्टीवर आणखी एक रेघ असते. ती तपासणी नीट झाल्याची खूण. म्हणून एक रेघ दिसली की घाबरू नये. आशाताईंना विचारावे.

बारीक सोन्याचा आणखी एक गुण आहे. लाकडाचा ओंडका लवकर पेटत नाही, पण त्याच्याच ढलप्या भुरकन पेटतात. पदार्थ बारीक केला, की तो कामाला जास्त लागतो. सोन्याचेही तसेच. दागिन्याचे सोने वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहते. पण १९८७ साली जपानच्या मासाताके हारुता यांनी दाखवून दिले, की काही नॅनोमीटरचे सोन्याचे कण बर्फाहून थंड हवेतही एका विषारी वायूचे रूप बदलतात.

हा वायू कार्बन मोनॉक्साइड. कोळशाच्या शेगडीतून तो निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेल्या माणसांचा त्याने जीव जातो. हारुतांचे सोने त्याला हवेतल्या प्राणवायूशी जोडते. मग आपण श्वासातून सोडतो, तो वायू तयार होतो. सोने मात्र खर्च होत नाही. लग्न जमवणारा मध्यस्थ दोन घरे जोडतो आणि पुढच्या स्थळाच्या मागे लागतो, तसेच हे. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात.

पण आपल्या घरात असे सोने नाही. तेव्हा बंद खोलीत शेगडी ठेवून निजू नका.

आणि सोने गुणाचे, म्हणून ते पोटात घेऊन हिवताप जाईल, असे कुणी सांगितले तर ऐकू नका. सोने फक्त आजार दाखवते. तो बरा करायला औषधच लागते. हिवतापाची एक जात मेंदूपर्यंत जाते आणि रोगी दगावतो. म्हणून ताप आला, की त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. रेघ उमटली नाही आणि ताप राहिला, तर दवाखाना गाठा. औषध सुरू झाले, की ताप उतरला तरी सगळ्या गोळ्या संपवा.

आम्ही एवढेच म्हणू : रेघ बारीक असली, तरी तिचे ऐका.

सांगा पाहू :
१. पट्टीवरची रेघ लाल का दिसते?
२. उत्प्रेरकाला मध्यस्थ का म्हटले?
३. तुमच्या गावात रक्त कोण तपासते?